शेवटचा परस

जालन्यात, मस्तगड भागातल्या माझ्या घरात दारामागं एक दोर टांगलेला असायचा. कुणी विचारलं तर मी सांगायची, कपडे वाळत घालायचा आहे. कशाचं कपडे वाळत घालायचा! तीन-चार जातींचे तुकडे जोडलेला, जागोजाग गाठी मारलेला, खाली लोखंडी गोळा लोंबणारा दोर कोण कपड्यांना लावतं? पण माणसं पुढं विचारत नसत. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात आई बसलेली असायची आणि ती त्या दोराकडंच बघत असायची. तिचा चेहरा पाहिला की लोक चहापाण्याचं बोलायला लागत.

दोर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आमची शेती अंबड तालुक्यात. मोसंबीची बाग आणि तिच्या कडेला मोटेच्या काळातली दगडी विहीर. आमच्याकडं विहिरीचं पाणी फुटात मोजत नाहीत, परसात मोजतात. दोन्ही हात आडवे पसरायचे, छातीवरून दोर ताणायचा, या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढा दोर लागला तो एक परस. तिथं गाठ मारायची. मग गोळा विहिरीत सोडायचा. गोळा पाण्याला टेकला की हाताला कळतं. तोवर जेवढ्या गाठी हातातून गेल्या तेवढे परस पाणी खाली. होळी झाली की अण्णा दर आठवड्याला पाणी मोजायचे आणि बागेला किती दिवसांनी पाणी द्यायचं ते त्यावर ठरवायचे. दोर पुरेना झाला की हाताकडच्या टोकाला नवा तुकडा जोडायचा, परत हात पसरायचे, परत गाठ.

लहानपणी ते असे हात पसरून उभे राहिले की मी त्यांच्या एका हाताखालून निघून दुसऱ्या हाताखाली जायची. ते ओरडायचे, परस चुकवशील गं. मला तेव्हा वाटायचं, अण्णांचे हात बागेच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत पोचत असतील.

अशा माणसाच्या पोटची मी निघाले फिजिक्सची मास्तरीण. जालन्यात कॉलेजात शिकवते. पोरांना प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी सांगते, नुसता आकडा म्हणजे मोजमाप नाही. आकडा आणि त्याची चूक, दोन्ही मिळून मोजमाप. लंबकाचा दोरा एक मीटर म्हणालात तर मी विचारणार, किती चूक धरून? परत परत मोजा, एक्सेलमध्ये भरा, सरासरी काढा, आकडे त्या सरासरीपासून किती पसरलेत ते काढा, आणि आलेखातल्या प्रत्येक ठिपक्यावर तेवढ्या उंचीची उभी काडी काढा. ती काडी म्हणजे तुमची चुकायची जागा. काडी नसलेला ठिपका माझ्यासमोर आणला की मी आलेख बघत नाही, जर्नल परत करते. पोरं माघारी मला चूकबाई म्हणतात. मला माहीत आहे. म्हणू देत.

अण्णा त्याच विहिरीत गेले.

वैशाखातली सकाळ होती. आई त्यांच्या मागं लागली होती की आता शेत दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, हवाली करा आणि जालन्याला पोरीकडं चला. ते नुसते ऐकून घेत होते. दोर खांद्यावर टाकून निघाले तसं तिचं डोकं फिरलं आणि ती बोलून गेली, "तुमच्यानं आता काय होतंय?" अण्णांनी गोठ्यातल्या नव्या नायलॉनच्या वेटोळ्यातून एक तुकडा कापून घेतला आणि विहिरीकडं गेले. भाकरी झाली, ताट वाढलं, तरी ते आले नाहीत. दादा बघायला गेला. पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या दगडाला दोराचं टोक बांधलेलं होतं, बाकीचा दोर आत लोंबत होता, आणि अण्णा पाण्यात होते.

कागदावर लागलं, पाय घसरून. गावाला ते पटलं नाही. त्या दगडावर जन्मभर उभं राहिलेल्या माणसाचा पाय आजच कसा घसरला, असं माणसं एकमेकांच्या कानाशी बोलायची आणि आम्ही जवळ गेलो की पावसापाण्याचं काढायची. तेही एक वेळ चाललं असतं. पण दहाव्याच्या दिवशी दादा तो दोर मांडीवर घेऊन बसला होता. रडत होता. रडता रडता एकेक गाठ चाचपत टोकाला आला आणि बोलून गेला, "शेवटची गाठ परसावर न्हाईच. अण्णांचं मन मोजण्यात न्हवतंच त्या दिवशी."

खोटं नव्हतं ते. त्या सकाळी कापलेल्या निळ्या तुकड्यावर एकच गाठ होती, आणि ती कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतकी अलीकडं होती. बायकांत बसलेल्या आईनं मान वर केली. ती रडली नाही. तिनं उठून दादाच्या मांडीवरचा दोर घेतला आणि आत गेली. मला दादाचा असा राग आला की त्याच्या ताटात वाढायलाही मी गेले नाही. अरे, बोलायच्या आधी बघावं तरी कोण बसलंय!

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच. आपण बोललो, ते त्यांना लागलं, म्हणून ते गेले. मोजायला म्हणून गेलेच नाहीत.

ती माझ्याकडं राहायला आली ती एक कापडी पिशवी आणि तो दोर घेऊन. मी म्हणाले, हा कशाला आणला? तर म्हणाली, असू दे. दारामागच्या खिळ्याला तिनंच तो अडकवला. आणि खरं सांगते, त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. वरची टाकी भरून पाणी पडायला लागलं की आई हातातलं काम सोडून उभी राहायची. बाथरूममध्ये बादली जोरात आपटली की तिचा चेहरा पांढरा पडायचा. एकदा आम्ही दोघी चादरीची घडी घालत होतो. दोन टोकं धरून मी हात पसरले, आणि तिनं तिकडची टोकं सोडूनच दिली. माझ्याकडं बघत राहिली. मी मागं वळून पाहिलं तर भिंतीवर माझीच सावली होती, दोन्ही हात पसरलेली. मीसुद्धा घाबरले. उगाच कशाला नाही म्हणू?

कॉलेजातही तेच. एका पोरानं लंबकाचा दोरा दोन हातांत ताणून सहज अंदाज घेतला तर मी त्याच्यावर इतकी खेकसले, की पट्टी घे, पट्टी, हात कशाला पसरतोस. पोरगं बिचारं चक्रावून गेलं. त्याला काय माहीत.

आई जेवायची, देवाला फूल वाहायची, शेजारणीशी दोन शब्द बोलायची. पण बोलता बोलता तिचं लक्ष दाराकडं जायचं आणि वाक्य अर्धं राहायचं. अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं होतं. दादा दर पंधरा दिवसांनी यायचा, मोसंबी आणायचा, तिच्यासमोर बसायचा. ती त्याला खाऊ-पिऊ घालायची, पण एकदाही बागेचं विचारायची नाही. शेताकडं तर ती फिरकलीच नव्हती. मला दिसत होतं की हे असंच चाललं तर ही बाई त्या एका गाठीपायी संपणार.

एका दुपारी मी फोनवर बदनापूरहून रोज रेल्वेनं येणाऱ्या एका पोरीला झापत होते. तिच्या आलेखात एक ठिपका रेषेपासून लांब पडला होता, तर बाईसाहेबांनी तो सरळ खोडून टाकला होता. मी म्हणाले, लांब पडला म्हणून तो चुकीचाच, हे कुणी सांगितलं तुला? आधी बघ, तो का लांब पडला. मोजणाऱ्याचं ध्यान नव्हतं, का मोजणारी वस्तूच बदलली होती? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोन ठेवला तर आई माझ्यामागं उभी.

"मंग त्या गाठीचं बघून सांग ना," ती म्हणाली. "ते मोजत होते का न्हाई, एवढंच सांग."

मी टाळाटाळ केली. म्हणाले, असं नसतं गं, ते लंबकाचं वेगळं आणि हे वेगळं. ती म्हणाली, "मोजणं ते मोजणंच की." मी रोज पोरांना तेच तर सांगते.

सुट्ट्या लागल्यावर मी दोर खिळ्यावरून काढला. एका वेळी दोन गाठींएवढा भाग वरच्या गॅलरीच्या कठड्याला बांधून खाली अंगणात सोडला, दर वेळी अण्णांचाच गोळा त्याच्या टोकाला अडकवून, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर ताण तोच राहील. खाली एक, वर एक, असं दोन गाठींमधलं अंतर स्टीलच्या टेपनं मोजलं. परत परत मोजलं. सकाळी मोजलं, उन्हात मोजलं. सूत आणि नायलॉन काही एकसारखं ताणत नाही, म्हणून गोळा काढून आडवा टाकूनही मोजलं. शेजारीण गॅलरीतून विचारत होती, मॅडम, काय चाललंय? मी म्हणाले, प्रॅक्टिकल.

शेवटचा निळा तुकडा हातात आला तेव्हा मी न करायचं ते केलं. टेप खाली ठेवला आणि स्वतःचे हात पसरले. माझी बोटं गाठीच्या पुढं गेली. मी काही उंच बाई नाही. ज्या हातांखालून मी इकडून तिकडं पळायची, ते हात त्या सकाळी माझ्याहून आखूड होते. माझे हात तसेच हवेत राहिले, खाली घ्यायचं सुधरेना. मग मी टेप उचलला आणि आकडा लिहिला.

आकडे एक्सेलमध्ये भरले. एका कॉलममध्ये गाठ, गोळ्याकडून पहिली, दुसरी, तिसरी, अशा बारा. पुढच्या कॉलममध्ये लांबी. सरासरी काढली, पसारा काढला, आलेख घातला, काड्या लावल्या. गोळ्याकडचे पहिले काही ठिपके जरा खाली, मधले वर, मग परत जरा खाली, आणि शेवटचा धाडकन तळाला. मधले परस पावणेसहा फुटांचे आणि शेवटचा जेमतेम सव्वाचार. सरासरीभोवती जेवढी जागा मी सोडली होती, तिच्या दुपटीच्याही बाहेर. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं, हा ठिपका बाकीच्यांतला नाही. इथं मोजणाऱ्याचं ध्यान नव्हतं.

म्हणजे दादा बराबर होता. मी लॅपटॉप मिटला. आई उंबऱ्यात होती. मी म्हणाले, अजून झालं नाही. तिला कळलं. त्यानंतर मी घरात असले की ती माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी भाजी चिरायला बसायची. मला अण्णांचाही राग आला. जायचंच होतं तर दोर कशाला नेला? तिला असं लटकवून कशाला गेलात? रागावून झालं की रडू यायचं, आणि रडायला त्या घरात जागा नव्हती. दोर सगळीकडून दिसायचा.

शेवटी तिनंच विषय काढला. म्हणाली, "जे निघालं ते दाखव. माझ्यापासून लपवू नको."

मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. दोर खिळ्यावरून काढून तिच्या मांडीवर दिला, आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवून तिला एकेक गाठ दाखवत गेले. खिळ्याला अडकवल्यापासून त्या दिवसापर्यंत तिनं तो दोर हातात घेतला नव्हता, नुसता बघितला होता. मी म्हणाले, ही गोळ्याजवळची पहिली गाठ, सगळ्यात जुनी, ती इथं.

"जुनी कामून?" आई म्हणाली.

"टोकापासूनच सुरुवात केली असेल ना."

"कशाचं गं बाई. पाण्यातली बाजू कुठं जुनी राहती? ती तर आधी सडती. ह्या तीन गाठी त्यांनी मागून बदलल्यात. तू नोकरीवर पक्की झालती, त्या साली. हिरवा नायलॉन. अंबडच्या बाजारातून मीच आणल्ता."

माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. दोरावर जी गाठ आधी, ती आधी बांधलेली, असं मी धरून चालले होते. विहिरीच्या काठी वाढलेली मी, आणि पाण्यातला दोर आधी सडतो एवढंही मला सुचलं नव्हतं! सगळ्या गाठी जणू एकाच दिवशी एकाच माणसानं बांधल्या, असं समजून मी त्यांची एक सरासरी काढून बसले होते.

मी आईला विचारत गेले आणि ती बोटानं तुकडे चाचपत सांगत गेली. मधला सुताचा सगळ्यात जुना, तिच्या लग्नानंतर लगेचचा, एका बैठकीत बांधलेला. त्याच्या पुढचा तागाचा, दुष्काळात पाणी खाली गेलं तेव्हाचा. मग तो हिरवा. मग अकरावा परस, दादाच्या धाकट्या पोराच्या बारशाच्या वेळचा. मग निळा. निळ्यावर तिचं बोट थांबलं. त्याचं साल सांगायची गरज नव्हती.

मी गाठीचा क्रमांक काढून तिथं साल टाकत गेले. एक्सेलचं असं असतं, आकडा बदलला की आलेख आपोआप सरकतो. मी साल लिहायची, एंटर दाबायची, आणि पडद्यावर एकेक ठिपका आपली जागा सोडून उठायचा आणि दुसरीकडं जाऊन बसायचा. मी हात लावत नव्हते. जुने ठिपके डावीकडं वर जाऊन एकाच जागी दाटीनं बसले. दोन बोटांपेक्षा जास्त इकडं-तिकडं नाही, असा बांधायचा माझा बाप. तागाचे त्यांच्या खालोखाल. हिरवे त्याखाली. अकरावा आणखी खाली. निळा त्याच्याही खाली. उतरती ओळ. माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचा हात हळूहळू खाली येत होता, इतक्या वर्षांत, आणि घरात कुणाला दिसला नव्हता.

मी शेवटचा ठिपका झाकला. ताग, हिरवा आणि अकरावा, या उतरत्या ठिपक्यांवरून रेषा घातली आणि ती पुढं अण्णा गेले त्या सालापर्यंत वाढवली. रेषा जिथं पोचली तिथंच, दोन बोटांच्या आत, निळा ठिपका होता. तो बाकीच्यांतलाच होता. अण्णांनी त्या सकाळी नेहमीसारखेच हात पसरले होते, पसरतील तेवढे पसरले होते, आणि नेमकी तिथंच गाठ मारली होती. ध्यान गेलेलं नव्हतं. हात गेला होता.

आईला मी साध्या शब्दांत सांगितलं. खांदा धरला होता त्यांचा. एक हात उघडत नसणार. तोल गेल्यावर दगडाला धरता आलं नसणार. पण गेले होते ते मोजायलाच.

मग ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायला लागली. वर्षभरापासून ते सदऱ्यात आधी उजवा हात घालायचे, मग डाव्यावर सदरा ओढून घ्यायचे. फळीवरचा डबा तिला काढायला लावायचे, आणि ती म्हणायची, आळशी झालेत. तेल लावून देते म्हणलं तर नको म्हणायचे. सांगितलंच नाही त्यांनी, ती म्हणाली.

"अन् मी त्याच सकाळी म्हणलं, तुमच्यानं आता काय होतंय."

हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. एका फासातून सोडवायला गेले आणि दुसरा मीच तिच्या हातात दिला. यावर कुठला आलेख काढणार होते मी?

मग तिनं पडद्याजवळ बोट नेलं. "ह्या उभ्या काड्या कशाच्या?"

मी सांगितलं. चुकायची जागा. ठिपका इथं दिसतो, पण खरा तो या काडीत कुठंही असू शकतो. जुना दोर गोळ्यानं ताणून लांबला असेल, गाठीनं दोर खाल्ला असेल, सालं तू आठवणीतून सांगितलीस, ठिपके मोजकेच आहेत. सगळं धरून तेवढी जागा.

निळ्या ठिपक्यावरची काडी सगळ्यात लांब होती. एकच गाठ, एकच तुकडा, दुसरं काही ताडून बघायला नाही. आई त्या काडीवरून बोट खाली-वर फिरवत राहिली.

"म्हंजे एवढी जागा हाय," ती म्हणाली. "एवढ्यात ते तसे बी गेले असतील."

मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या लुगड्याचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. त्या ठिपक्यावरची काडी निवडली आणि काढून टाकली. परत तिच्याकडं वळवला.

"न्हाई," मी म्हणाले. "शेवटच्याला जागा न्हाई. ते मोजतच होते, माय."

लहान असताना मी खोटं बोलले की तिला लगेच कळायचं. मोसंबी मी खाल्ली का वानरानं, ते तिला माझ्या आवाजावरून समजायचं. तिनं माझ्याकडं तसंच पाहिलं. आणि मग "बरं" म्हणून पदर सावरला, दोर अण्णांसारखा कोपरावर गुंडाळला आणि मला विचारलं, चहा टाकू का. खूप दिवसांनी तिनं मला असं विचारलं होतं. मी हो म्हणाले. चहा होईपर्यंत मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

होळी झाल्यावर ती आपणहून म्हणाली, दोर घेऊन शेतात जाऊ. दादाला फोन केला तर त्याला आधी खरंच वाटेना. बागेत मोसंबीला बारीक फळं धरली होती. आई विहिरीपासून लांब, पहिल्या झाडाला धरून उभी राहिली. मी तिच्याजवळ थांबले. दादाला मी सगळं आधीच सांगितलं होतं, आलेखही दाखवला होता. तो नुसती मान हलवत राहिला होता.

त्यानं दोराचं टोक दगडाला पक्कं बांधलं आणि गोळा आत सोडला. एकेक गाठ हातातून जाऊ देत तो मोठ्यानं मोजायला लागला. अण्णा मोजायचे तसंच, प्रत्येक आकड्यानंतर जरासा थांबून. आईचा हात झाडाच्या खोडावर घट्ट होता. नऊ. दहा. अकरा. मग निळा तुकडा त्याच्या हातात आला, त्यावरची गाठ आली, बोटांतून निघून कडेच्या खाली गेली, आणि लगेच गोळा पाण्याला टेकला. दादा दोर धरून तसाच उभा राहिला. त्याला काय म्हणावं ते कळेना. बारा म्हणावं तर शेवटचा परस आखूड, अकरा आणि थोडं म्हणावं तर मागं आई ऐकत होती.

आईनं झाड सोडलं. ती विहिरीपर्यंत गेली नाही, मध्येच थांबली.

"बारा म्हण," ती म्हणाली.

दादानं तिच्याकडं पाहिलं.

"त्यांनी बांधलाय ना? मंग परस धर. बारा म्हण."

"बारा," दादा म्हणाला, आणि दोर वर ओढायला लागला.